सकाळी घास का उतरत नाही? घाटाखालच्या न्याहारीचं न सुटलेलं गणित

सकाळचे साडेसहा. नांदुरा, शेगाव किंवा संग्रामपूर तालुक्यातलं कुठलंही घर. कढईत पोह्यांची फोडणी तडतडतेय. मार्च-एप्रिल असेल तर शाळा सातची आहे. "दोन घास खाऊन जाय", असं आई तिसऱ्यांदा सांगते. मुलगी ताटाकडे बघून तोंड फिरवते. फोडणीच्या वासानेच तिला कसंनुसं होतं. शेवटी अर्धा कप चहा पोटात जातो आणि दप्तर खांद्यावर चढतं. मागून टोमणा येतो, "नखरे आहेत नुसते."

हा टोमणा कॉलेजच्या पोरांना बसतो. पहाटे पाचला पोलीस भरतीचा सराव करून आलेल्या तरुणांना, रात्रभर पिकाला पाणी देऊन परतलेल्या शेतकऱ्याला आणि तिसऱ्या महिन्यातल्या सुनेलाही तोच बसतो. प्रत्येकाच्या मळमळीचं कारण वेगळं असतं, घरातलं निदान मात्र एकच असतं : 'पित्त झालं असेल' किंवा 'लाड झालेत'. बहुतेक घरांत न्याहारीचा प्रश्न सुटत नाही, कारण तो कधी नीट विचारलाच जात नाही.

सकाळी भूक नसणं बिघाड आहे का?

बहुतेक वेळा नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १२ निरोगी प्रौढांना १३ दिवस प्रयोगशाळेत ठेवलं. दिवस-रात्रीचा कुठलाही अंदाज येणार नाही अशी व्यवस्था करून त्यांची भूक मोजली. शरीराच्या आतल्या घड्याळानुसार भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वात कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वात जास्त असल्याचं त्यात दिसलं. रात्रभर पोट रिकामं राहिलं म्हणून सकाळी कडकडून भूक लागायलाच हवी, हा समज शरीर मानत नाही.

भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक आहे. ते रोजच्या जेवणाच्या वेळेआधी वाढतं, म्हणजे सवयीप्रमाणे चालतं. जो माणूस वर्षानुवर्षे पहिला घास दुपारी बारालाच खातो, त्याच्या शरीराने सकाळी आठला भुकेची घंटा वाजवणं बंद केलेलं असतं. ती पुन्हा वाजू शकते, पण एका दिवसात नाही.

'न्याहारी हा दिवसातला सर्वात महत्त्वाचा आहार' हे वाक्य वैद्यकशास्त्राचा अंतिम शब्द असल्यासारखं सांगितलं जातं. त्याचा प्रसार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत झाला आणि त्यात धान्याचे तयार पदार्थ विकणाऱ्यांचा हात मोठा होता. वजन कमी करायला न्याहारी लागतेच, या दाव्यालाही २०१९ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकातल्या आढाव्यात आधार सापडला नाही. म्हणजे दहाला डबा उघडणारा निरोगी बँक कर्मचारी सातला काही खात नसेल, तर त्याच्यामागे लागण्याचं कारण नाही.

पण हा निष्कर्ष सगळ्यांना लावता येत नाही. सातला शाळेत बसणारं मूल, आठला सोयाबीन सोंगायला वाकणारी मजूर बाई, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस आणि गर्भवती स्त्री यांना सकाळचा घास टाळून चालत नाही. मधुमेहाच्या काही औषधांनंतर न खाल्ल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. मोबाइलवर 'इंटरमिटंट फास्टिंग'चा व्हिडिओ पाहून सकाळचं खाणं सोडणाऱ्या पन्नाशीतल्या काकांनी आधी स्वतःची गोळी कोणती आहे ते डॉक्टरांना विचारायला हवं.

मळमळ रात्रीच सुरू झालेली असते

सकाळच्या मळमळीचं कारण पुष्कळदा आदल्या रात्रीत सापडतं. उशिराचं, तेलकट, तिखट जेवण झालं आणि लगेच आडवं पडलं, की पोटातलं आम्ल वर घशाकडे येतं. सकाळी तोंड आंबट, घसा जड आणि पोट भरल्यासारखं वाटतं. त्यावर उपाशीपोटी कडक चहा पडतो. काही घरांत चहाच्याही आधी तंबाखूची मशेरी असते, तरुणांत खर्ऱ्याची पुडी. निकोटिन भूक मारतं आणि मळमळही आणतं. सकाळी जेवण जात नाही अशी तक्रार करणाऱ्याने दिवसाचा पहिला पदार्थ कोणता तोंडात जातो, हे आधी प्रामाणिकपणे आठवून पाहावं.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात आणखी एक कारण आहे, ज्याचा उल्लेख आहारावरच्या लेखांत जवळपास कधीच येत नाही. ते म्हणजे कृषी फीडर. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रब्बीत हरभरा-गव्हाला पाणी द्यायचं तर रात्रीच्या पाळीत शेतकरी थंडीत, अंधारात, सापकिरड्याच्या धास्तीने बांधावर उभा असतो. पहाटे चार-पाचला घरी येतो, दोन तास डोळा लागतो आणि सातला त्याच्यापुढे ताट येतं. त्याच्या पोटाच्या घड्याळाप्रमाणे ती मध्यरात्र असते. पुढच्या आठवड्यात पाळी बदलते आणि घड्याळ पुन्हा विस्कटतं. कारखान्यातल्या रात्रपाळीच्या कामगारांना अपचन, अ‍ॅसिडिटी आणि भूक मंदावण्याचा त्रास होतो, हे जगभर मान्य आहे. शेतकऱ्याची रात्रपाळी मात्र कुठल्याही हजेरीपटावर नसते. दिवसा वीज देण्याचं उद्दिष्ट ठेवून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० २०२३ पासून राबवली जात आहे. तिचं मोजमाप मेगावॉटमध्ये होतं. ज्या गावात दिवसा वीज आली तिथे माणसांची झोप आणि न्याहारी जागेवर आली का, हेही कधी मोजलं जावं.

तोवर व्यावहारिक मार्ग एवढाच : रात्री पाण्यावर जाण्याआधी हलकं जेवण, सोबत मुरमुरे-फुटाणे, परत आल्यावर झोपण्याआधी चार घास आणि सकाळच्या ताटाची सक्ती नाही. झोप झाल्यावर नऊ-दहाला खाल्लं तरी ती न्याहारीच असते.

शाळेची घंटा आणि उपाशी बाकं

मुलांची झोप पुरी होत नाही, असं सांगत तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली होती. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. हेतू चांगला होता. पण विदर्भाच्या उन्हाला शासन निर्णय वाचता येत नाही. मार्च २०२५ मध्ये उष्णतेमुळे राज्यभर सकाळची शाळा लावावी लागली : प्राथमिक सात ते सव्वाअकरा, माध्यमिक सात ते पावणेबारा.

घाटावर बुलढाणा शहरात एप्रिलची सकाळ तशी सुसह्य असते. घाटाखाली मलकापूर-खामगाव पट्ट्यात मात्र दहालाच ऊन चटके देतं, त्यामुळे सातची शाळा हा तिथे नाइलाज आहे. प्रश्न असा, की सातला शाळा म्हणजे सहाला उठणं आणि आत्ताच पाहिलं, तेव्हा शरीर खायला सर्वात कमी तयार असतं. गरम्यामुळे रात्री झोपायला अकरा-साडेअकरा झालेले असतात. मुलं उपाशी येतात, परिपाठाला रांगेत उभी राहतात आणि एखाद्याला चक्कर येते. मग बाईंची धावपळ आणि घरी निरोप : 'मुलाला खाऊ घालून पाठवत जा.' घरच्यांनी प्रयत्न केलेला असतोच. त्या वेळेला मुलाच्या घशाखाली घास जात नाही, हा मुद्दा कुणाच्या लक्षात येत नाही.

यावरचा उपाय कागदावर आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाळेतल्या दुपारच्या जेवणासोबत सकाळच्या न्याहारीचीही शिफारस आहे. जिथे गरम अन्न देणं शक्य नसेल तिथे शेंगदाणे किंवा चणे, गूळ आणि स्थानिक फळं द्यावीत, इतकं तपशिलात त्यात लिहिलंय. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने माध्यान्ह भोजन योजनेला 'पीएम पोषण' हे नवं नाव देऊन मंजुरी दिली, तेव्हा न्याहारी त्यात नव्हती. तामिळनाडूने वाट पाहिली नाही. १५ सप्टेंबर २०२२ पासून तिथे सरकारी शाळांतल्या पहिली ते पाचवीच्या मुलांना उपमा, खिचडी, पोंगल असा गरम नाश्ता द्यायला सुरुवात झाली आणि पुढच्या वर्षी ती योजना राज्यभर वाढवली गेली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडं सुरू झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद झाला.

तामिळनाडूएवढा खर्च झेपत नसेल, तर निदान धोरणातली फुटाणे-गुळाची ओळ अमलात आणता येईल. सातच्या शाळेत आठ किंवा सव्वाआठला दहा मिनिटांची 'खाऊची सुट्टी' ठेवली तर त्याला निधीही लागत नाही. साडेसहाला ज्या मुलाला मळमळतं, तेच मूल दोन तासांनी मित्रासोबत डबा चाटूनपुसून खातं, हे कुठल्याही शिक्षकाला विचारून पाहावं. ही सुट्टी द्यायला मुख्याध्यापकांनी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज खरोखरच आहे का?

पहिला घास शिकायचा कसा?

इथे एक गैरसमज आधी दूर व्हावा. न्याहारी म्हणजे पोह्यांची भरलेली ताटली नव्हे. शेगावची कचोरी तर नव्हेच, तिची जागा वेगळी आणि वेळ वेगळी. ज्याला सकाळी मळमळतं त्याने दोन-चार घासांपासून सुरुवात करायची असते.

मळमळीत वास हा मोठा शत्रू असतो. गरम अन्नाचा वास जास्त पसरतो, फोडणीचा तर घरभर. म्हणून कोरडं, थंड किंवा कोमट, कमी वासाचं अन्न आधी चालतं : मूठभर मुरमुरे, दहा-बारा फुटाणे, अर्धी ज्वारीची भाकर, एक केळं. उठल्या उठल्या खाण्याची गरज नाही. आधी थोडं पाणी घोट घोट प्यावं, अर्धा तास हिंडा-फिरायचं काम करावं, मग खावं. चहा सोडता येत नसेल तर निदान क्रम उलटा करावा, आधी दोन घास आणि मग चहा. एवढ्या एका बदलाने अनेकांची सकाळ सुधारते.

घन पदार्थ नकोच वाटत असेल तर जिल्ह्याच्या स्वयंपाकघरात उत्तरं आहेत. ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील, ताकातल्या कण्या किंवा नुसतं ताक चालतं. कण्या हा एकेकाळी गरिबाचा पदार्थ मानला जायचा. आता शहरातल्या हॉटेलात 'मिलेट बाऊल' म्हणून तो महाग मिळतो, हा भाग वेगळा. थोडं स्थिरावलं की मऊ उकडपेंडी, त्यात शेंगदाणे आणि वर लिंबू.

मात्रा आणि पदार्थ बदलले तरी वेळ बदलू नये. रोज त्याच वेळेला, अगदी थोडंसं, दोन-तीन आठवडे सलग खाल्लं तर शरीर त्या वेळेची भूक ओळखायला लागतं. पहिल्या आठवड्यात दोन फुटाणेच गेले तरी हरकत नाही. चौथ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणत सोडून दिलं तर घड्याळ पुन्हा जुन्या वेळेवर जातं. रात्रीचं जेवण एक तास अलीकडे आणता आलं तर हे काम निम्म्याने सोपं होतं. सकाळी भूक लागावी यासाठी रात्री काय बदलायचं, हे बहुतेकांना सुचत नाही. गुरुवारचा उपवास करणाऱ्यांनी दिवसभर चहावर काढून रात्री साबुदाण्याची थाळी रिचवली, तर शुक्रवारची सकाळ जड जाणारच.

सक्ती मात्र कुणावरही करू नये. मुलाला ओरडून, नाक दाबून खाऊ घातलं तर त्याचं शरीर न्याहारीची जोड त्या ताणाशी लावतं आणि पुढे नुसतं ताट पाहूनच उमासे येतात. परीक्षेच्या किंवा शाळेच्या धास्तीनेही सकाळी पोट ढवळतं. रविवारी मळमळ नसेल आणि सोमवारी असेल, तर पोटाच्या आधी शाळेत काय चाललंय ते विचारावं.

दिवस गेलेल्या बाईची न्याहारी

गरोदरपणातल्या मळमळीला घरात सहानुभूती मिळते, पण कामातून सुटका मिळत नाही. सर्वात आधी उठून चुलीपुढे ती असते आणि फोडणीचा वास सर्वात आधी तिलाच येतो. बहुतेक गर्भवतींना कमी-अधिक मळमळ होते. गर्भ आणि वारेतून येणारं जीडीएफ-१५ हे संप्रेरक आणि त्याबाबतची शरीराची संवेदनशीलता हे त्याचं मोठं कारण असल्याचं डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' नियतकालिकातल्या संशोधनाने दाखवलं. म्हणजे 'मनावर घेऊ नको' हा सल्ला निरुपयोगी आहे.

उपयोगी गोष्ट साधी आहे : उशाशी डब्यात कोरडे मुरमुरे, टोस्ट किंवा भाकरीचा तुकडा ठेवावा. तो अंथरुणातच खाऊन, दहा-पंधरा मिनिटांनी उठावं. दिवसभर थोडं थोडं खावं. आल्याचाही काहींना आराम पडतो. सकाळची फोडणी काही आठवडे घरातल्या दुसऱ्या कुणी घालावी. हा सल्ला कुठल्याही गोळीपेक्षा स्वस्त आहे आणि तरी फार कमी घरांत पाळला जातो.

लोहाच्या गोळीचं वेगळंच असतं. रक्तवाढीची गोळी उपाशीपोटी घेतली की अनेकींना मळमळते, मग गोळ्यांची पाकिटं फडताळात साठत जातात. मळमळ होत असेल तर ती जेवणानंतर, रात्री घेता येईल का, हे आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारावं. चहासोबत मात्र घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. पाणीही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, वजन घटत असेल तर घरी थांबू नये.

मळमळ 'पित्ता'ची नसते तेव्हा

घाटाखालच्या तालुक्यांसाठी हा भाग सर्वात महत्त्वाचा. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांतली कितीतरी गावं त्यात येतात. तिथे मूत्रपिंडाच्या आजाराची तक्रार जुनी आहे. खाऱ्या पाण्याकडे गावकरी बोट दाखवतात. सोबत उच्च रक्तदाब, मधुमेह, उन्हातलं काम, कमी पाणी पिणं आणि अंगदुखीसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हीदेखील किडनीला घातक ठरणारी कारणं आहेत.

किडनी निकामी होऊ लागली की दुखत नाही. रक्तात टाकाऊ द्रव्यं साठतात आणि त्याची खूण बऱ्याचदा ताटावर दिसते : सकाळी मळमळ, तोंडाला विचित्र चव, आवडीचं अन्नही नकोसं होणं. हा माणूस 'पित्त झालं' म्हणून मेडिकलमधून सकाळची अ‍ॅसिडिटीची गोळी आणतो. ती वर्ष वर्ष चालते. आणि पोट जळू नये म्हणून तीच गोळी घेत वेदनाशामकही चालू ठेवतो. शेवटी पाय सुजल्यावर तपासणी होते, तेव्हा उशीर झालेला असतो. चाळिशी ओलांडलेल्या, रक्तदाब किंवा साखर असलेल्या आणि या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाची सकाळची भूक काही आठवड्यांत नव्याने गेली असेल, तर रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन आणि रक्तदाब या तीन तपासण्या पहिल्या महिन्यातच व्हायला हव्यात. महागड्या एंडोस्कोपीच्या आधी या होतात का, हे रुग्णाने स्वतः विचारावं.

त्रास एकट्याला आहे की घरात, गल्लीत अनेकांना, हेही पाहावं. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत अचानक केस गळू लागले, तेव्हा आधी पाण्यावर, शाम्पूवर संशय गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवलं. तिथे अनेकांचे केस एकदम गेले म्हणून निदान यंत्रणा धावली. अनेकांची भूक एकदम गेली तर बातमी होत नाही, म्हणून ते आरोग्य उपकेंद्रात आवर्जून सांगावं लागतं.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, डोळे पिवळे होणं, गिळताना अडकणं, प्रयत्न न करता वजन उतरणं, सकाळी तीव्र डोकेदुखीसह उलटी, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज यांपैकी काहीही असेल तर फुटाण्यांचा प्रयोग करत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. यांपैकी काहीच नसेल आणि तरी मळमळ दोन-तीन आठवड्यांत हटत नसेल, तरीही एकदा दाखवून यावं. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत, अंगदुखीची आणि 'पित्ता'चीसुद्धा.